एसडीआरचं ट्यूनिंग चुकतंय? पीपीएमला हात लावण्याआधी या चुका टाळा

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाच्या यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ रिसीव्हर) जोडला, ओळखीची फ्रिक्वेन्सी लावली आणि सिग्नल पाच-सात किलोहर्ट्झ बाजूला दिसला, की बहुतेक जण पीपीएमचा आकडा (दशलक्षात किती भाग चूक आहे ते सांगणारा, सॉफ्टवेअरमध्ये भरायचा) वरखाली करत सुटतात. सिग्नल मधोमध आला की काम झालं असं धरतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण दोष डोंगलच्या घड्याळाचा, म्हणजे त्याला ताल देणाऱ्या क्रिस्टलचा, आहे की सेटिंगचा, हे त्यातून कळतच नाही.

आधी एकमेकांपासून लांब असलेल्या दोन फ्रिक्वेन्सींवर फरक मोजा. डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल असतो आणि ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारा भाग) व सिग्नलचे आकडे करणारी आरटीएल२८३२यू ही चिप, दोन्ही त्याच्यावरच चालतात. तो ५० पीपीएमने चुकत असेल, तर १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झचा फरक पडतो आणि ४३३.९२ वर जवळपास २१.७ चा. फरक असा फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत गेला, तर दोष घड्याळाचा. दोन्हीकडे तेवढाच राहिला, तर कुठेतरी ऑफसेट (फ्रिक्वेन्सीत मिळवायचा ठरावीक आकडा) चुकला आहे.

अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हचे सिग्नल डोंगलसाठी वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारं उपकरण) वापरणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. त्याचा, बऱ्याचदा १२५ मेगाहर्ट्झचा, ऑसिलेटर वेगळा, त्याची चूकही वेगळी, आणि ती शॉर्टवेव्हवर सगळीकडे सारखीच दिसते. म्हणून आधी अपकन्व्हर्टर काढून डोंगलचा पीपीएम बसवा. मग तो जोडल्यावर जो फरक उरेल, तो ऑफसेटमध्ये घाला. हा क्रम उलटा केला तर दोन्ही आकडे चुकतात.

मोजायचं कशावर, यातही लोक फसतात. एफएम स्टेशनचा सिग्नल मध्यापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत दोन्हीकडे हलतो, त्याचा मध्य डोळ्यांनी नेमका सापडत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० वरचा सिग्नल डॉप्लरमुळे (वेगाने जवळ-लांब जाताना फ्रिक्वेन्सी बदलते त्यामुळे) येताना तीनेक किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली असतो, तो सरकणारच. भरवशाचा संदर्भ म्हणजे जीएसएमचा (टूजी) मोबाइल टॉवर, कारण त्याची फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत ठेवावी लागते. कालिब्रेट-आरटीएल हा प्रोग्रॅम त्यावरूनच चूक काढतो. मात्र शोध ९०० च्या बँडवर घ्या. १८०० बँडचे टॉवर १८०५ मेगाहर्ट्झच्या वर बोलतात आणि डोंगलमधला नेहमीचा आर८२०टी२ ट्यूनर तिथवर पोचत नाही. जिओचं जाळं जीएसएमवर चालत नाही, त्यामुळे आसपास फक्त त्याचाच टॉवर असेल तर काहीच सापडणार नाही. त्यात डोंगलचा दोष नाही.

डोंगल जोडल्या जोडल्या मोजू नका. साधा क्रिस्टल तापेपर्यंत सरकत राहतो, वीस मिनिटं तरी चालू ठेवा. टीसीएक्सओवाला (तापमान बदललं तरी स्थिर राहणारं घड्याळ असलेला) नवा डोंगल घेतला असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डोंगलचा आकडा राहिला नाही ना, हे आवर्जून बघा. चांगल्या हार्डवेअरला नावं ठेवली जातात, ती बऱ्याचदा यामुळेच.

सिग्नल सावकाश न सरकता उड्या मारत असेल किंवा आवाज तुटत असेल, तर पीपीएमचा संबंध नाही. सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतले जाणारे नमुने) २.४ दशलक्षांवर आणा, यूएसबी हब काढून डोंगल थेट जोडा. दीड गिगाहर्ट्झच्या आसपास पीएलएल (ट्यूनरची फ्रिक्वेन्सी पक्की धरणारं सर्किट) लॉक होत नसल्याचा संदेश सारखा येत असेल, तर डोंगल गार करा. सुरू करताना एकदाच आलेला तसा संदेश मनावर घेऊ नका.

हॅकआरएफ या दुसऱ्या एसडीआर उपकरणाला बाहेरून १० मेगाहर्ट्झचं घड्याळ देणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. त्या पोर्टला ० ते ३ व्होल्टची चौकोनी लहर लागते, ३.३ व्होल्टच्या वर किंवा शून्याच्या खाली गेलात, तर बोर्ड जाऊ शकतो. जीपीएसवर बांधलेल्या बऱ्याच घड्याळांतून साइन लहर निघते, ती तशीच जोडू नका. आणि बाहेरचं घड्याळ वापरायचं की नाही, हे हॅकआरएफ रिसीव्ह सुरू होताना ठरवतो. मधेच केबल लावून फरक पडणार नाही, थांबवून पुन्हा सुरू करा.

विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे सिग्नल येत नसतील, तर पीपीएममध्ये वेळ घालवू नका. तो सिग्नल सुमारे २ मेगाहर्ट्झ रुंद असतो. ५० पीपीएमची चूक तिथे जेमतेम ५५ किलोहर्ट्झ भरते. आधी अँटेना आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं सेटिंग) तपासा.