हळदीच्या कार्यक्रमात बेस घुसमटला तेव्हा

परळच्या हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम. दुसऱ्याच गाण्याला माझा बेस (म्हणजे बेस गिटार) फाटका वाजू लागला. खालच्या सुराची ई तार म्हणजे नुसती खरखर. केबल बदलली, ॲम्पचा गेन उतरवला, ढिम्म फरक नाही. ड्रमर म्हणे, "नवा ॲम्प घे." (त्याचं काय जातंय सांगायला!)

ब्रेकमध्ये बेसचं मागचं झाकण उघडलं. माझा बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आतच सिग्नल वाढवणारा छोटा प्रीॲम्प, आणि त्याला 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. याचा केबल खोचायचा जॅक स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात एक जादा संपर्क असतो, आणि केबल खोचली की तोच बॅटरीच्या स्विचचं काम करतो. वाजवा, नका वाजवू, बॅटरी खर्च होतच राहते. आणि मी पठ्ठ्या, प्रॅक्टिसनंतर आठवडाभर केबल तशीच खोचून ठेवलेली! साउंडवाल्या दादाचा मल्टिमीटर जेमतेम 6 व्होल्ट दाखवत होता. त्याच्याच पेटीत कोरी बॅटरी निघाली. बसवली, आणि ई तार पुन्हा पोटात घुमली.

आता केबल काढूनच बेस ठेवतो. बॅगेत एक जादा बॅटरी असते, टोकांना चिकटपट्टी लावून, नाहीतर खिशातल्या चिल्लरीने शॉर्ट व्हायची. पुढचा बेस घेताना पॅसिव्हचा (म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायचा) स्विच आहे का, ते आधी बघणार. नवा ॲम्प राहिलाच. तसाही तो विरार लोकलमध्ये चढवणार कोण?