मेडिकेअरच्या मदतकामात पडताना: कोणी काय सांगावे आणि सही कोणी करावी

अमेरिकेत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, प्लॅन बदलण्याचा काळ असतो, आणि त्या आठवड्यांत आमच्या न्यू जर्सीतील मराठी घरांमध्ये ज्येष्ठांच्या नावाने इतकी पत्रके येऊन पडतात की त्यांच्याखाली दिवाळी अंकही सापडत नाहीत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी या कामात पडले ती ओळखीच्या काका-काकूंना ही पत्रके समजावून सांगता यावीत एवढ्याच हेतूने. मदत करायला कोणाची परवानगी कशाला लागते, असे मला तेव्हा वाटत होते.

घरच्या माणसांपुरते ते खरेही आहे. मुलाने, सुनेने किंवा शेजाऱ्याने पत्र वाचून दाखवायला, औषधांची यादी टंकून द्यायला किंवा फॉर्म भरायला बसायला कोणतेही लायसन्स लागत नाही. मात्र प्लॅन विकायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचे, तर राज्याचे आरोग्य विम्याचे लायसन्स हवे, त्या कंपनीने आपल्याला नेमलेले हवे आणि दरवर्षी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यायला हवी. केंद्र सरकारने त्या परीक्षेसाठी किमान ८५ टक्के गुणांची अट घातली आहे. बहुतेक कंपन्या ज्या ‘एएचआयपी’ या आरोग्य विमा कंपन्यांच्या संघटनेच्या परीक्षेवर विसंबतात तीत तर तीन प्रयत्नांत ९० टक्के मिळवावे लागतात.

तिसरा मार्ग मी निवडला, तो मेडिकेअरबद्दल सल्ला देणाऱ्या ‘शिप’ या सरकारी कार्यक्रमातील स्वयंसेवक समुपदेशकाचा. १९९० च्या कायद्याने सुरू झालेला हा कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे, फक्त नावे बदलतात. कॅलिफोर्नियात त्याला ‘हायकॅप’ म्हणतात. सल्ला विनामूल्य असतो आणि समुपदेशकाचा विमा विक्रीत कसलाही हितसंबंध चालत नाही. तुमच्याकडे विम्याचे चालू लायसन्स असेल आणि त्यावर उत्पन्न मिळत असेल, तर हे काम तुमच्यासाठी नाही. ही अट का आहे, ते एका आकड्यावरून कळते: २०२४ साली न्यू जर्सीत मेडिकेअर अॅडव्हान्टेजच्या, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीकडून घ्यायच्या प्लॅनच्या, एका नव्या नोंदणीमागे एजंटला जास्तीत जास्त ७६२ डॉलर मिळू शकत होते, तर तेच ज्येष्ठ मूळ मेडिकेअरमध्येच राहिले तर त्याबद्दल सरकार एजंटला काहीच देत नाही. याचा अर्थ एजंट फसवतात असा मुळीच नाही. माझ्याहून कितीतरी जाणकार एजंट मी पाहिले आहेत, आणि ‘हा प्लॅन घ्या’ असे स्पष्ट सांगण्याची मुभा त्यांनाच आहे, मला नाही.

हे मला शिकावे लागले ते चूक करूनच. पहिल्याच मोसमात एका काकांनी विचारले, “तुम्ही माझ्या जागी असता तर कोणता घेतला असता?” आणि मी सरळ नाव सांगून टाकले. शेजारी बसलेल्या अनुभवी समुपदेशक बाईंनी त्यांच्यासमोर काही म्हटले नाही, पण नंतर बाजूला घेऊन बजावले की पुढच्या वर्षी त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ त्या प्लॅनमधून बाहेर पडले, तर काका तुझेच नाव घेतील. आता मी एवढेच सांगते की तुमचे डॉक्टर या दोन प्लॅनमध्ये आहेत, ही गोळी याच्यात महाग पडते, आणि निवड तुमची. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी विचारल्यावर असे हात राखून बोलणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून सुरुवातीला जड जाते.

ही सावधगिरी कशासाठी, हे मेडिगॅपच्या, म्हणजे मूळ मेडिकेअर न भरत असलेला खर्च भरून काढणाऱ्या खासगी पूरक विम्याच्या, बाबतीत सर्वांत जास्त जाणवते. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाचा पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाला की सहा महिने कोणतीही कंपनी प्रकृतीची चौकशी करून त्याला मेडिगॅप नाकारू शकत नाही. ही मुदत एकदा टळली की आमच्या राज्यात मोजके अपवाद वगळता ते दार बंद होऊ शकते, आणि अॅडव्हान्टेज प्लॅनबद्दल ‘प्रीमियम शून्य आहे, घेऊन टाका’ असे प्रेमाने सांगणाऱ्या भाच्याला हे बहुधा ठाऊकच नसते.

एजंटांवरचे नियम समुपदेशकालाही माहीत हवेत, कारण तक्रारी आपल्यापुढेच येतात. न बोलावता दारात येणे किंवा फोन करणे त्यांना मनाई आहे. विक्रीचे फोन त्यांना ध्वनिमुद्रित करावे लागतात. २०२३ च्या शरद ऋतूत आलेल्या नियमानुसार, कोणत्या विषयावर बोलायचे याची लेखी संमती ठरलेल्या भेटीच्या ४८ तास आधी घ्यावी लागे. ज्येष्ठ स्वतःहून कार्यालयात आले किंवा मुदतीचे शेवटचे चारच दिवस उरले असले तर सूट होती. विक्रीच्या सभेत जेवण देता येत नाही, किरकोळ खाणे चालते. आमच्या भागातील एका ज्येष्ठ मेळाव्यात विक्रीचे भाषण आणि पुरीभाजीचे ताट अशी जोडी ठरली होती. मी संयोजकांना सांगितले की चहा-चिवडा चालेल, पुरीभाजी चालणार नाही. त्यांनी भाषण ठेवले आणि पुरीभाजी काढली, त्यामुळे मी काही दिवस अनेकांच्या रोषाला पात्र ठरले.

प्रशिक्षणाची चौकशी काउंटीच्या ज्येष्ठ सेवा कार्यालयात वसंतातच करावी. ऑक्टोबरमध्ये तिथे कोणाला मान वर करायला सवड नसते. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांचे नियम मात्र मन लावून शिकावेत, कारण मराठी माणसे तुमच्याकडे मुख्यतः तेच विचारायला येतील. स्वतःचा किंवा जोडीदाराचा अमेरिकेतील पुरेसा कामाचा काळ नसेल तर सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते, आणि पार्ट ए, म्हणजे रुग्णालयाच्या खर्चाचा भाग, विकत घ्यावा लागतो.

राहता राहिली सही. ग्रंथालयाच्या खोलीत एक आजी आल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि लाल-निळ्या पट्ट्यांचे मेडिकेअरचे कार्ड घेऊन. ईमेल नसल्यामुळे प्लॅनच्या नोंदणीचा फॉर्म कागदीच होता. मुलगा फोनवरून म्हणाला, “मी घरी आल्यावर सही करून पाठवतो ना.” पण राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिल्याचे मुखत्यारपत्र किंवा पालकत्वाचा आदेश नसेल, तर पोटच्या मुलालाही ती सही करता येत नाही, हे मी त्याला सांगत असतानाच आजी म्हणाल्या, “माझा हात काही मोडलेला नाही.” त्यांनी देवनागरीत सावकाश नाव लिहिले आणि शेवटी वर शिरोरेघ ओढली. त्याच फॉर्मवर मदत करणाऱ्यासाठी वेगळा चौकोन असतो. त्यात मी माझे नाव आणि ‘शिप समुपदेशक’ हे नाते लिहिले, सही केली, आणि एजंटच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवून फॉर्म आजींच्या हातात दिला.