गौरीचे मुखवटे, जरीची साडी आणि आजीचं तोरण

मूळ नक्षत्रावर गौरींचं विसर्जन झालं की आवराआवरीची घाई होते आणि जुनी सजावट खराब होते ती याच घाईत. हळदकुंकू, तेल, फुलांचा ओलावा तसाच डब्यात जातो. एक दिवस सगळं सावलीत वाळू द्या.

पितळी मुखवट्याचे डोळे, भुवया, ओठ रंगवलेले असतील तर तिथे चिंच किंवा पितांबरी अजिबात नको. रंग निघतो आणि चेहराच बदलतो. आमच्याकडे एकदा तसं झालं. पुन्हा रंगवून आणला, पण आईला ती गौर कितीतरी दिवस परकी वाटत होती. मऊ कोरड्या सुती कापडाने पुसा, खाचांतलं कुंकू मऊ ब्रशने काढा. शाडूच्या मुखवट्याला पाण्याचा थेंबही लावू नका.

जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर कापड त्या रेषेवरच विरतं.

मोत्यांच्या तोरणात मणी टिकतात, दोरा कुजतो. ओवायला घेण्याआधी जवळून फोटो काढा. सगळी नक्षी मण्यांच्या मोजणीत असते.

आणि प्रत्येक गाठोड्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणी केलं, कोणत्या साली, कशासाठी. पेन्सिलीने लिहा, शाई दमट हवेत पसरते. घरातलं वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्याच हातून लिहून घ्या, याच वर्षी.