प्लॉटवर बांधायचंय? झोन, मार्जिन आणि पार्किंगचे नियम असे समजून घ्या

घर बांधायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती बेडरूम किती, देवघर कुठे आणि जिना आतून की बाहेरून याची. नगररचना विभागाच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न वेगळाच असतो: प्लॉटसमोरचा रस्ता किती मीटरचा? पुढे जागा किती सोडायची, खाली दुकान चालेल का, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) किती मिळेल, यातलं बरंचसं त्या एका आकड्यावर ठरतं. आर्किटेक्टकडे जाण्याआधी मालकाने स्वतः एवढं समजून घेतलं, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

1. आपल्याला कोणती नियमावली लागू आहे ते पाहा

या सगळ्याचं मूळ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आहे. पूर्वी जवळजवळ प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई महापालिका तिच्यातून वगळलेली आहे. मुंबईला 2034 च्या विकास आराखड्याची स्वतंत्र नियमावली आहे. एमआयडीसीचं क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेला भागही वेगळा. गोव्यात जमीन असेल तर तिथले 2010 चे नियम बघायचे.

नियमावलीत सतत दुरुस्त्या होतात. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

2. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा

"एनए प्लॉट आहे, काही बघायला नको," हे दलालाचं ठेवणीतलं वाक्य. एनए, म्हणजे जमीन बिगरशेती असणं, ही महसूल खात्याची बाब झाली. विकास योजनेत त्या जमिनीवर काय दाखवलं आहे, हा नगररचनेचा विषय. एनए झालेल्या प्लॉटवरूनही उद्याचा रस्ता जाऊ शकतो.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा घेऊन महापालिकेच्या, नगरपरिषदेच्या किंवा प्राधिकरणाच्या नगररचना विभागात अर्ज करा. हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी प्रादेशिक योजना बघावी लागते. हातात दोन कागद पडायला हवेत. झोन दाखला सांगतो की तुमचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर कोणत्या विभागात येतो: रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती किंवा हरित. भाग नकाशा त्याच जमिनीचा विकास योजनेतला तुकडा दाखवतो, आणि खरी माहिती तिथेच असते. त्यावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, आरक्षण. शाळा, बाग, दवाखाना असं काही दाखवलं असेल तर तिथे तुमचं घर होणार नाही. मात्र योजना अमलात येऊन 10 वर्षं उलटली आणि जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. हे काम वकिलामार्फतच करा.

दुसरी, प्रस्तावित रस्ता किंवा रस्ता रुंदीकरणाची रेषा. तिसरी, नदीकाठ असेल तर पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेमध्ये मिळते, पण जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

रहिवास विभागातही पुन्हा रस्त्याची रुंदी आडवी येते. दाट वस्तीत 9 मीटरपेक्षा आणि तिच्याबाहेर 12 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचा प्लॉट 'आर-1' मध्ये येतो. तिथे किरकोळ गरजेची छोटी दुकानं चालतात. मोठं शोरूम किंवा मंगल कार्यालय मनात असेल तर ते तिथे बसत नाही.

3. आधी रस्त्याला द्यायची जागा वजा करा, मग मार्जिन मोजा

मालकांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मार्जिन म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, कागदोपत्री 'सामासिक अंतर'. ते आजच्या कुंपणापासून मोजत नाहीत, रुंदीकरण झाल्यावर जी हद्द उरेल तिथून मोजतात.

समजा, प्लॉट 10 बाय 20 मीटरचा आहे. म्हणजे 200 चौरस मीटर, जेमतेम दोन गुंठे. 10 मीटरची बाजू रस्त्याला लागून आहे. आज रस्ता 9 मीटरचा आहे आणि आराखड्यात 12 मीटरचा. दोन्ही बाजूंनी सारखं रुंदीकरण धरलं तर तुमच्याकडून दीड मीटर जाणार. खोली उरली साडेअठरा मीटर. आता उदाहरणापुरतं धरू की नियमावलीतल्या तक्त्यानुसार पुढे 3 मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं आहे. खोलीतून साडेचार मीटर गेले, उरले 14. रुंदीतून 3 गेले, उरले 7. म्हणजे जोतं 98 चौरस मीटरचं. दोन गुंठ्यांतला निम्माही भाग नाही. हा हिशेब प्लॉट घेण्याआधी झाला, तर भाव करताना त्याचा उपयोग होतो.

रस्त्यात गेलेली जागा अगदी फुकट जात नाही. ती रीतसर महापालिकेच्या ताब्यात दिली, तर तिच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागता येतो. नुसतं कुंपण मागे घेऊन गप्प बसू नका. ताबा पावती घ्या.

तुमचे खरे आकडे मात्र तक्त्यातूनच घ्यायचे. गावठाणात किंवा दाट वस्तीत ते वेगळे, रो-हाऊसला वेगळे, महामार्गालगत आणखी वेगळे. उंच इमारतीत बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश या हिशेबाने वाढतं. 20 मीटर उंचीला 4 मीटर. मजला वाढवला की जोतं आक्रसतं ते असं.

मार्जिनमध्ये काय चालतं? पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा चालतो. पत्र्याची शेड टाकून केलेलं स्वयंपाकघर चालत नाही, मग शेजाऱ्याची हरकत असो वा नसो.

4. पार्किंग कागदावर नको, जमिनीवर आखून बघा

किती गाड्यांची जागा हवी, हे दोन गोष्टींवर ठरतं: प्रत्येक घराचं कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि तुमच्या शहराला लागू असलेला गुणक. मोठ्या घराला जास्त मोटारी लागतात. अगदी लहान घरांना दुचाकींवर भागतं. तक्त्याखालच्या टिपा जरूर वाचा, एका कुटुंबाच्या छोट्या बंगल्यासाठीची सवलत तिथेच सापडते.

मोटारीला 2.5 बाय 5 मीटर, स्कूटरला 1 बाय 2 मीटर. नकाशात हे चौकोन छान बसतात. पण त्यात खांब डोकावला की उरतात सव्वादोन मीटर, आणि ड्रायव्हरचं दार जेमतेम वीतभर उघडतं. खांबांची जागा पक्की होण्याआधी साईटवर फक्की मारून चौकोन आखायला सांगा आणि स्वतःची गाडी आत घालून, वळवून, बाहेर काढून बघा. यात फार तर अर्धा तास जातो.

स्टिल्टखालचं, म्हणजे इमारतीखाली खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यावरचं पार्किंग एफएसआयमध्ये धरलं जात नाही. म्हणूनच ते भिंती घालून बंद केलं आणि गाळा किंवा क्लिनिक काढलं, की एका फटक्यात पार्किंगही कमी पडतं आणि एफएसआयही ओलांडला जातो. फ्लॅट घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात दिला आहे.

5. परवानगी, जोतं, भोगवटा

युडीसीपीआरच्या हद्दीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, ठरलेल्या अटींत बसणाऱ्या घरासाठी नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानतात. 150 ते 300 चौरस मीटरला 10 दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. याचा अर्थ काही जण "छोट्या प्लॉटला नियम नाहीत" असा लावतात. मार्जिन, झोन, उंची सगळं तसंच लागू असतं. फरक इतकाच की आधी तपासणी होत नाही आणि चुकीची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या आर्किटेक्टवर येते.

जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणीचा दाखला घ्या. मार्जिन चुकलं असेल तर याच टप्प्यावर ते स्वस्तात सुधारतं. स्लॅब पडल्यावर हातोडाच लागतो. घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, घ्या, निव्वळ वीज-पाणी जोडलं म्हणून थांबू नका.

"घरपट्टी भरतो, म्हणजे बांधकाम अधिकृत" हा आणखी एक लाडका गैरसमज. अनधिकृत बांधकामावरही कर लागतोच, शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खाली शास्तीही (दंडाची रक्कम) लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकरावर कित्येक निवडणुका गाजल्या.

तयार घर घेताय?

विकणाऱ्याकडे मंजूर नकाशा मागा. तो मिळत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडून प्रत काढा. मग टेप घेऊन पुढचं, मागचं आणि बाजूंचं मार्जिन मोजा. गच्चीवरची खोली, जिन्याखालचं संडास-बाथरूम, शटर लावलेलं पार्किंग नकाशात आहे का ते बघा. जे नकाशात नाही, त्याचे पैसे देऊ नका. आणि विसार देण्याआधी ते पाडून घ्यायचं की नाही, हे लेखी ठरवा.