मृणालताईंचा स्मृतिदिन करायचाय? आधी पाण्याची वेळ विचारा

समाजवादी नेत्या मृणाल गोरे १७ जुलै २०१२ ला गेल्या. पुढच्या वर्षी गोरेगावातल्या आमच्या महिला मंडळाने पहिला स्मृतिदिन केला, आणि तो पार फसला. पाहुणे तासभर उशिरा आले, मग स्वतःबद्दलच चाळीस मिनिटं बोलले. साडेचार वाजता मागच्या वस्तीतल्या बायका एकेक करून उठल्या. नळाला पाणी यायची वेळ झाली होती! पाण्यासाठी लढली म्हणून ज्या बाईला अख्खी मुंबई ‘पाणीवाली बाई’ म्हणायची, तिच्या कार्यक्रमातून बायका हंडे भरायला पळाल्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

तेव्हापासून आम्ही तारीख बदलत नाही, पण वेळ वस्तीला विचारून ठरवतो. हॉल मात्र मेमध्येच सांगून ठेवा. जुलैत मांडव घालायच्या फंदात पडू नका. आम्ही एकदा घातला आणि फोटोसकट भिजलो. हार एकच. शाल-श्रीफळ बंद केलं, त्या पैशांत झेरॉक्स आणि बटाटेवडे होतात.

खरा कार्यक्रम आठवडाभर आधी सुरू होतो. दोनशे पानी वही घ्या. वस्तीतल्या दहा-बारा घरांत जाऊन रोज लिहा: पाणी किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, किती हंडे भरले, गढूळ होतं का, वास होता का. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी काचेच्या बाटलीत भरून वर तारखेची चिठ्ठी लावा. पावसाळ्यात गढूळ पाण्याची तक्रार हमखास निघते. ती महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्याच वहीत उतरवा. ‘पाणी येतच नाही हो’ असं कुणी म्हणालं की थांबून विचारा, येत नाही की पुरत नाही? शेजारच्याने मोटार लावली असेल तर ते भांडण वेगळं आहे, अर्जात घुसडू नका.

ज्यांना नळच नाही त्यांची यादी वेगळी करा. आमच्याकडे असे बरेच जण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नळावरून विकत पाणी घेत होते, कारण ‘तुमचं झोपडं अनधिकृत’ हे ऐकून त्यांनी अर्जच केला नव्हता. झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलंय. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरणही २०२२ मध्ये आलं. हे कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवा. भाषणापेक्षा बायका हेच कान देऊन ऐकतात.

अर्ज हॉलमध्येच लिहायचे. आमच्या मंडळातल्या दोन निवृत्त शिक्षिका टेबल मांडून बसतात. पत्र सहाय्यक अभियंता, जलकामे यांच्या नावे, दोन प्रतींत. दुसऱ्या दिवशी विभाग कार्यालयात चौघीपाचजणींनी मिळून जायचं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच बसायचं. शांतपणे, डबा घेऊन. ती प्रत वर्षभर जपायची, कारण पुढच्या १७ जुलैला पहिलं वाचन तिचंच.

भाषण हवंच असेल तर दहा मिनिटं पुरतात. तरुण मुलींना नाव माहीत असतं ते राममंदिराजवळच्या उड्डाणपुलामुळे, म्हणून मी तीनच गोष्टी सांगते. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. १९७७ ला खासदार झाल्या, इंदिराबाई हरल्या आणि लोक म्हणायला लागले, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. यावर हशा होतोच. तिसरी गोष्ट सांगताना मात्र हॉल गप्प होतो: गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक (सरकारचं नव्हे, आमदाराने स्वतः मांडलेलं) आणलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी तसा कायदा केला. नागरी निवारा या गृहप्रकल्पाची हजारो घरं, अडचणीतल्या बायकांसाठीचं स्वाधार केंद्र, हे त्या-त्या ठिकाणच्या बायकांनीच उठून सांगावं.

शेवटी लाटणी. मृणालताईंच्या महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात माझी आई गेली होती, मी तिचा पदर धरून. म्हणून समारोपाला टाळ्यांऐवजी थाळ्या-लाटणी वाजवतो. प्रत्येकीने लाटण्यावर नाव लिहून आणावं. गेल्या वर्षीची दोन अजून माझ्या फडताळात पडलीत, एकाचं टोक थोडं जळलेलं आहे. ज्यांची असतील त्यांनी घेऊन जा.