‘खुलासा समाधानकारक नसल्याने’: सोलापुरातून रिटच्या वकिलीत

‘आपला खुलासा समाधानकारक नसल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

राज्यघटनेच्या वकिलीत, म्हणजे सरकारी निर्णयांवरच्या रिट याचिका उच्च न्यायालयात चालवण्याच्या कामात, यायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हे वाक्य वाचायला देते. जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेला मिळालेल्या आदेशात ते होतं. अख्खा आदेश सात ओळींचा. त्याआधी तिने दोन पानी खुलासा दिला होता. त्यात चार मुद्दे होते, सोबत सरकारी दवाखान्याचा दाखला होता. त्या चारपैकी एकाही मुद्द्याचा आदेशात उल्लेख नाही. मुलं म्हणतात, मॅडम, यात राज्यघटना कुठे आहे? याच सात ओळींत आहे. सरकारने माणसाशी मनमानी करायची नाही, निर्णय घेतला तर कारण द्यायचं, हा अनुच्छेद १४ चा गाभा. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही, हे सांगणारा केशवानंद भारती निकाल वाचायलाच हवा, पण पक्षकार पिशवीतून काढतो तो हा असला कागद.

मी सोलापुरातच एलएलबी केलं. वडील पंचायत समितीत कारकून होते, त्यामुळे नस्ती (फाइल), टिपणी (फाइलवर लिहिलेला अभिप्राय), जावक क्रमांक (पाठवलेल्या पत्राचा नोंदक्रमांक) हे शब्द घरात रोजचे होते. त्यांचा पुढे केवढा उपयोग होणार आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

प्रवेश आणि सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, थोडक्यात सांगते. सीईटी देऊन तीन किंवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. परीक्षेला टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, म्हणून पहिल्या वर्षापासून मूळ कायदा चाळायची सवय लावा, गाइडची नको. नोंदणीसाठी भरमसाट पैसे मागितले जायचे. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. न्यायाधीश व्हायचं असेल, तर मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे, तेही ध्यानात असू द्या.

सनद मिळाली की थेट उच्च न्यायालयात जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. मी चार वर्षं सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात काढली. वकीलपत्र दाखल करणं, नकलेसाठी अर्ज करणं, साक्षीदाराला उभं करणं, दावा दुरुस्ती, सगळं तिथे शिकले. पूर्व भागातल्या विणकर पक्षकाराशी तेलुगूत आणि अक्कलकोटच्या शेतकऱ्याशी कन्नडात दोन वाक्यं बोलता आली, की तो मनातलं सांगतो; मराठीत विचारलं तर फक्त ‘हो’ म्हणतो. याचिकेतली तथ्यं अशा बोलण्यातून येतात. पैशाचं मात्र आधीच ठरवून ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे. पहिली दोन-तीन वर्षं घरचा आधार लागतो. ज्याच्या घरी तो नाही, त्याने सीनियरशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी पहिली रिट याचिका एका सरपंचबाईंची. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं होतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून आवरायचं आणि कोर्टात उभं राहायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. नैसर्गिक न्यायावर, म्हणजे बाजू ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नको या तत्त्वावर, मी दहा पानं लिहिली होती. न्यायमूर्तींनी एकच विचारलं, ‘विभागीय आयुक्तांकडे अपिलाची तरतूद आहे ना?’ होती, आणि मी याचिकेत तिचा उल्लेखही केला नव्हता. याचिका मागे घ्यावी लागली. अपिलाची मुदत संपत आलेली. दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंना घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला आयुक्त कार्यालयात गेले. गाडीत त्या मला म्हणाल्या, ‘ताई, हे आधीच केलं असतं तर?’ तो प्रश्न मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मसुदा हातात घेण्याआधी मी दार शोधते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची बदली किंवा बडतर्फी असेल, तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे (दोन न्यायमूर्तींकडे) जाता येतं, पण मॅट ओलांडून थेट जाता येत नाही. जिल्हा परिषदेचा कर्मचारी मात्र मॅटच्या कक्षेत येत नाही. नव्या वकिलांची इथे हमखास चूक होते, कारण दोघांचाही पगार सरकारी तिजोरीतून निघतो. पर्यायी मार्ग असतानाही अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट घेऊन थेट उच्च न्यायालयात, जाता येतं, पण केव्हा, ते १९९८ च्या व्हर्लपूल निकालात सापडेल: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. तुमचं प्रकरण यातल्या कशात बसतं, ते याचिकेच्या पहिल्या तीन पानांत आलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातून सर्वांत जास्त येतात ती जात पडताळणीची प्रकरणं. हे काम धीराचं आहे. १९५० पूर्वीच्या शाळेच्या नोंदी, आजोबांचा दाखला, पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचा अहवाल, सगळं एकमेकांशी ताडून पाहावं लागतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीती, बोली, देवदैवतं विचारून दावा तपासण्याची पद्धत) ही अंतिम कसोटी नाही, असं स्पष्ट केलं. निकाल तुमच्या बाजूचा असला, तरी जुन्या रजिस्टरवरची मोडीतली ओळ वाचून घ्यायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. एका मुलाचा वैद्यकीय प्रवेश अशा एका ओळीवर टिकलेला मी पाहिला आहे.

त्यानंतर मी काही वर्षं उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील होते. घरचे, मित्र, सगळे म्हणाले, लोकांच्या बाजूने लढणारी तू, सरकारकडे कशाला? मला आजही वाटतं की त्या वर्षांनी मला वकील केलं. रोजच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या यादीत, कधी वीस, कधी तीस प्रकरणं. महसूल, शिक्षण, भूसंपादन, सहकार. सकाळी अधिकारी ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’, म्हणजे याचिकेच्या एकेका परिच्छेदावरचं खात्याचं उत्तर, घेऊन येतात. ते वाचायचे, पण त्यावर विसंबायचं नाही. मी मूळ नस्ती मागवायची. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. निर्णय कुणी सुचवला, कुणी दुरुस्त केला, कुणाची सही कोणत्या तारखेची, हे टिपणीच सांगते.

एक प्रकरण सांगते. रास्त भाव दुकानाचा परवाना रद्द केलेला. आदेशात लिहिलेलं, ‘सुनावणीची संधी देऊनही दुकानदार गैरहजर.’ अव्वल कारकून नस्ती घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते. नोटिशीचा जावक १४ तारखेचा, सुनावणी १६ ला, आदेश १७ चा. पत्रव्यवहाराच्या बाजूला टाचणीने लावलेली पोचपावती होती. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, यावरची तारीख वाचा.’ त्यांनी चष्मा लावला, वाचली, आणि खुर्चीत बसले. १९ तारीख. नोटीस पोचण्याआधीच परवाना गेला होता.

प्रतिज्ञापत्रात गोल गोल लिहून वेळ काढता आला असता. पण १९७७ चा मोहिंदरसिंग गिल निकाल सांगतो, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकायला हवा, मागाहून प्रतिज्ञापत्रातून त्याला नवी कारणं जोडता येत नाहीत. हे तत्त्व त्याआधी १९५१ मध्ये, मुंबईतल्या एका चित्रपटगृहाच्या परवान्यावरून निघालेल्या गोरधनदास भानजी खटल्यात आलेलं आहे. हे दोन्ही मुळातून वाचा. मी वरिष्ठ अधिकाऱ्याला फोन केला, लेखी सूचना मागवल्या आणि कोर्टाला सांगितलं की सरकार हा आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी देईल. लेखी सूचना हातात नसताना सरकारच्या वतीने काहीही कबूल करायचं नाही, हा धडा इथला. अधिकारी त्या दिवशी नाराज होते. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला: ‘मॅडम, आदेश काढायच्या आधी एकदा विचारतो.’

सरकारचं काम सोडून खासगी वकिलीत परतताना एक पथ्य पाळावंच लागतं. ज्या प्रकरणात सरकारला सल्ला दिला, मसुदा केला किंवा उभे राहिलो, त्यात समोरच्या पक्षकाराचं वकीलपत्र घेता येत नाही. अशी प्रकरणं आली की मी नाव वाचूनच परत पाठवते, कागद उघडत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारं पीठ) सुरू झालं आणि सोलापूरची प्रकरणं तिकडे गेली. आता मंगळवेढा, सांगोला, मिरज मार्गे पहाटे निघून वेळेत पोचता येतं. पक्षकार स्वतः येऊन मागच्या बाकावर बसू शकतो, हा मोठा फरक आहे. नव्यांना इथे खरोखर संधी आहे, फक्त इंग्रजी मसुद्याची तयारी ठेवा. आदेश, ग्रामसभेचे ठराव, शासन निर्णय मराठीत आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, म्हणून भाषांतरात जीव ओता. ‘प्रकरण निकाली काढले’ याचं ‘डिसायडेड’ करायचं की ‘डिस्पोज्ड’, यावर मी एकदा अर्धा तास वाद ऐकला आहे. गुणवत्तेवर निर्णय झाला की नुसती फाइल बंद केली, हाच तिथे मुद्दा होता.

वाचनात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचं प्रकरण आवर्जून घ्या. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे मंदिरातले वंशपरंपरागत हक्क संपवले आणि सर्वोच्च न्यायालयात तो वाद जानेवारी २०१४ मध्ये संपला. धर्मस्वातंत्र्य कुठे थांबतं आणि मंदिराचा कारभार कुठे सुरू होतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या देवळावरून शिकता येतं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या अंगणवाडी सेविकेचा आदेश रद्द झाला आणि नव्याने सुनावणी घ्यायला सांगितलं गेलं. सुनावणीला मी तिच्यासोबत गेले नाही. ती एकटीच बोलली. नवा आदेश दीड पानाचा आला. चारही मुद्दे एकेक करून घेतलेले, दवाखान्याच्या दाखल्याची तारीखसुद्धा लिहिलेली, आणि खाली पुनःस्थापनेचं वाक्य. तिने त्याची झेरॉक्स मला आणून दिली. आता माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियरला मी पहिल्या दिवशी दोन्ही आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचायला देते.