साखळी शोरूमसमोर टिकायचे कसे : खान्देशातील स्वतंत्र सौर फिटरसाठी

मोठ्या कंपनीचे शोरूम जिल्ह्याच्या ठिकाणी सौर संच हप्त्यांवर विकू लागले की तालुक्याच्या गावातला स्वतंत्र फिटर सर्वांत आधी भाव पाडतो. नेमके तेच करू नये. एकगठ्ठा खरेदी करणाऱ्याशी भावात बरोबरी होत नाही, आणि ती करायचीच म्हटले की स्ट्रक्चरचे, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्याचे लोखंड, केबलची जाडी आणि अर्थिंग यांत काटछाट होते. म्हणजे ज्या कामावर आपले नाव टिकायचे, तेच काम कच्चे राहते. शोरूमकडे ठरावीक पॅकेज असते आणि प्रत्यक्ष बसवणी बहुधा कंत्राटी टोळी करते. घरोघरची गच्ची, बिल आणि कागदपत्रे पाहून काम बेतणे त्या पद्धतीला परवडत नाही. आपला धंदा तिथे उभा राहतो.

महावितरणकडे आणि घरगुती सौर संचाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर विक्रेता म्हणून आपली नोंदणी असणे ही मूळ अट आहे. दुसऱ्याच्या नोंदणीवर काम घातले, तर ग्राहक कागदोपत्री त्याचा होतो आणि पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही त्याच्याच नावावर जाते. त्यामुळे उशीर झाला तरी नोंदणी स्वतःची करावी.

ग्राहकाकडे गेल्यावर आधी गच्चीवर चढू नये, वर्षभराची वीजबिले मागावीत. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. महिन्याला सरासरी ३०० युनिट वापरणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरेसे होतात. अनुदानाची रचनाही त्याला धरूनच आहे : पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी एकूण मर्यादा ७८,००० रुपयांचीच. ज्या घराचा वापर दीडशे युनिटांचा आहे, त्याला पाच किलोवॅट विकणारा विक्रेता ग्राहकाचे पैसे अडकवतो, कारण महावितरणकडे गेलेल्या जास्तीच्या युनिटांचा आर्थिक वर्षाच्या अखेरीस हिशेब होतो तेव्हा त्यांना घरच्या दराने भाव मिळत नाही. लहान संच पुरेल, असे स्वतःहून सांगणाऱ्या फिटरचे नाव आळीत लवकर पसरते. मात्र सरासरी काढताना आखाजीच्या सुमारास, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, कूलर रात्रंदिवस चालतात हे ध्यानात ठेवावे. हिवाळ्यातल्या एका बिलावरून संच ठरवला की उन्हाळ्यात तक्रार ठरलेली.

गच्ची पाहताना घरातल्या बाईंना विचारल्याशिवाय माप घेऊ नये. खान्देशात उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, वड्या वाळत असतात आणि रात्री अनेक घरे तिथेच झोपतात. तीन किलोवॅटला सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते. पॅकेजमधले बुटके स्ट्रक्चर तेवढी गच्ची कायमची अडवून टाकते. सात-आठ फूट उंचीचे स्ट्रक्चर दिले तर खाली सावलीही मिळते आणि जागाही वापरात राहते. त्याचा वाढीव खर्च वेगळा लिहून द्यावा, लोक तो देतात. पण उंची वाढली की वाऱ्याचा जोर वाढतो. मे-जूनच्या ज्या वादळांनी रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागा आडव्या होतात, तेच वादळ पॅनेलच्या खालून शिरते. म्हणून पाय नुसते स्लॅबला बोल्ट मारून उभे करू नयेत. काँक्रीटचे ओटे घालून त्यांत पाय बसवावेत, तिरके आधार द्यावेत, लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले वापरावे आणि स्लॅबला जिथे छिद्र पडले असेल तिथे वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. जुन्या धाब्याच्या घरावर हा भार टाकूच नये. अंगणात किंवा मळ्यातल्या पक्क्या खोलीवर जागा शोधावी आणि ती नसेल तर काम सोडून द्यावे.

उन्हाबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो : भुसावळचे ऊन म्हणजे भरपूर वीज. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ७० अंशांच्या घरात तापते, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. हिशेब केला तर सुमारे १६ टक्के घट येते. ५४० वॅटच्या पॅनेलमधून ऐन दुपारी ४५५ वॅटच्या आसपासच हाती लागतात. हा आकडा ग्राहकासमोर कागदावर मांडून दाखवावा, म्हणजे मे महिन्यात ‘पॅनेल खराब दिले’ असा फोन येत नाही. पत्र्याच्या छपरावर पॅनेलखाली वारा खेळेल इतकी मोकळीक ठेवणे आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) पश्चिमेच्या भिंतीवर न लावता सावलीत लावणे ही कामे याच हिशेबातून येतात. स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ ठरवताना उलट टोकही पाहावे. हिवाळ्यात धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते, त्यामुळे इन्व्हर्टरची कमाल मर्यादा पहाटेच्या थंडीला धरून तपासावी आणि किमान मर्यादा मे महिन्याच्या दुपारला धरून.

दरपत्रक एका ओळीचे देऊ नये. शोरूमचे पत्रक ‘तीन किलोवॅट, इतके रुपये’ असे असते. आपल्या पत्रकात पॅनेलचा मेक आणि वॅट, ते अनुदानास पात्र म्हणजे भारतीय सेलचे आहे की नाही, इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, डीसी केबल किती चौरस मिलिमीटरची, अर्थिंगचे खड्डे किती आणि कशाकशाचे, हे सगळे असावे. डीसी, एसी आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांचे अर्थिंग वेगवेगळे हवे. केबल जोडणारे कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच मेकचे वापरावेत, कारण वेगवेगळ्या मेकचे जोडले की सांधा सैल बसून तापतो आणि आगीचा धोका राहतो. असे पत्रक हातात असले की ग्राहक स्वतःच शोरूममध्ये जाऊन ‘तुमच्यात अर्थिंग किती?’ असे विचारतो. त्यापुढे आपल्याला फारसे बोलावे लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेल व उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो फरकही पत्रकात दिसला पाहिजे.

कागदपत्रांच्या कामात शोरूम आपल्या आसपासही येऊ शकत नाही. मीटर आजोबांच्या नावावर, आधार नातवाचे, बँक खात्यात नावाचे स्पेलिंग तिसरेच, अशी घरे प्रत्येक गावात सापडतात. अनुदान संच सुरू झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या खात्यावर जमा होते, आणि नाव जुळले नाही की अर्ज अडकतो. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधीच वीजबिल, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासावे, वारसाच्या नावाने मीटर करायचे असेल तर तो अर्ज आधी द्यावा आणि महावितरणच्या उपविभागात त्याचा पाठपुरावा स्वतः करावा. हे काम फुकट करू नये. त्याची रक्कम पत्रकात वेगळी दाखवावी.

ठिकठिकाणी हमखास येणारा प्रश्न असतो, ‘भाऊ, लाईट गयी ते सोलर चालस का?’ ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला जोडलेला साधा संच वीज गेली की बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये यासाठी इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे विक्रीआधीच सांगावे. बॅटरी हवी असेल तर हायब्रीड संचाचा भाव वेगळा द्यावा.

विक्रीनंतरची सेवा लेखी आणि मोजता येईल अशी असावी : तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल आणि वर्षातून किती वेळा तपासणी होईल, एवढे तरी कागदावर हवे. एक तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर ठेवावी आणि तीत बोल्ट कसावेत, अर्थिंगचा रोध मोजावा. धुण्याबाबत ग्राहकाला नीट समजवावे. क्षारयुक्त बोअरचे पाणी तापल्या काचेवर ओतले की पांढरे डाग बसतात आणि ते घासताना काच खराब होते; पॅनेल पहाटे, गोड्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावेत.

भांडवलाची अडचण राहतेच. आसपासच्या तालुक्यांतील पाच-सहा फिटरांनी मिळून पूर्ण पॅलेट, म्हणजे पॅनेलचा एकत्र बांधलेला अख्खा गठ्ठा मागवला तर वितरक सुट्या पॅनेलपेक्षा बरा भाव देतो. अनुदान वजा करून उरलेलीच रक्कम ग्राहकाकडून घेण्याची सवय लावू नये, कारण मग आपले पैसे त्याच्या खात्याच्या भरवशावर राहतात. बँकेच्या कर्जातून विक्रेत्याला थेट रक्कम मिळते, तो मार्ग सुचवावा. कापसाचे पैसे दिवाळीनंतर हातात येतात, तेव्हाच्या मागणीसाठी माल आधी बांधून ठेवावा. आणि शोरूमनेच बसवणीचे कंत्राट देऊ केले तर नकार देण्याचे कारण नाही, फक्त दर किलोवॅटला ठरलेली मजुरी, रक्कम मिळण्याची मुदत आणि पुढच्या तक्रारींच्या फेऱ्यांचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय शिडी गाडीत टाकू नये.